गळवे पुन्हा पुन्हा का होतात?

तळहातावर गळू झालेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे काय? आठवून पाहा. मानेवर, पाठीवर, काखेत, मांडीवर, नाकाच्या शेंड्यावर गळू झालेली माणसे पुष्कळ आठवतील. बसायच्या जागी गळू झालेला एखादा वर्गमित्रही आठवेल, कारण ते दुखणे बाकावर लपवता येत नाही. पण तळहात आणि तळपाय सुटलेले दिसतील. तेथे काटा रुतून पू झाला, तर ती गोष्ट वेगळी. आपोआप उठलेले गळू तेथे होत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आजीच्या तोंडी असलेल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे केसतोड. कोणी त्याला केस्तुड म्हणतात. केस तुटला किंवा ओढला गेला की त्याच्या मुळाशी फोड येऊन पिकतो, हे कोणीतरी नीट पाहिले आणि त्या दुखण्याला तसे नाव दिले. आपला प्रत्येक केस त्वचेत एका अरुंद, खोलगट पिशवीत उभा असतो. या पिशवीला केशपुटक म्हणतात. त्या पिशवीत जंतू शिरले, खोलवर गेले आणि तेथे त्यांची व शरीराची झुंज लागली की गळू होते. तळहातावर आणि तळपायावर केस नाहीत, म्हणून केशपुटके नाहीत, म्हणून गळवेही नाहीत. पापणीच्या केसाच्या मुळाशी हेच घडले की आपण रांजणवाडी म्हणतो, काखेत घडले की काखमांजरी म्हणतो. शेजारशेजारची अनेक केशपुटके एकदम पिकून चाळणीसारखी तोंडे पडली, तर ती काळपुळी. नावे वेगळी असली तरी या साऱ्यांच्या मुळाशी बहुधा एकच जंतू असतो.

तरुण वयात चेहऱ्यावर येणाऱ्या मुरमांना मात्र या यादीत बसवू नका. केशपुटकाला लागूनच एक तैलग्रंथी असते. तेरा-चौदाव्या वर्षापासून शरीरातील संप्रेरके वाढतात, ती ग्रंथी जास्त तेल स्रवू लागते, पिशवीचे तोंड बुजते आणि मुरूम उठतो. मुरमाच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका मळाचा नसतो. तुंबलेल्या तेलातील रंगद्रव्य हवेमुळे काळे पडते, इतकेच. तेव्हा दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासून मुरुमे जात नाहीत, उलट त्वचा सोलवटते. मैत्रिणीला गुण आला म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली 'गोरे करणारी' मलमे तर मुळीच लावू नयेत. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने प्रथम बरे वाटते आणि मग मुरुमे दुपटीने उठतात. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याच उपद्रवामुळे. मुरुमांविषयी एवढे पुरे. आपला विषय गळवांचा आहे, आणि त्यातही एक गेले की दुसरे, दुसरे गेले की तिसरे, अशी रांग लावणाऱ्या गळवांचा.

या गळवांचा जोर उकाड्यात असतो, म्हणून उकाड्याचे एक गाव डोळ्यांपुढे आणू. समजा, तुम्ही बडनेऱ्याला राहता. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे जंक्शन, अमरावतीला जाणारा फाटा येथूनच फुटतो. रुळांच्या अलीकडे-पलीकडे जुनी वस्ती आणि नवी वस्ती. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. अंगाला घामोळ्या आलेल्या असतात, त्या नखाने खाजवल्या जातात आणि आठ-दहा दिवसांत मांडीवर टप्पोरे गळू उभे राहते. घरातली वडीलधारी मंडळी क्षणात निकाल देतात, ''जास्तच आंबे चोपले असतीन पोट्ट्यानं, रक्त तापलं त्याचं!'' आणि तुमच्या ताटातला रस बंद होतो.

हा निकाल बरोबर आहे का? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने रागावून चालत नाही, तसेच मान डोलावूनही चालत नाही. मोजून पाहावे. एका कागदावर चार चौकटी आखा. पहिल्या चौकटीत आंबा खाल्लेली आणि गळू झालेली मुले, दुसरीत आंबा खाल्लेली पण गळू न झालेली, तिसरीत आंबा न खाता गळू झालेली आणि चौथीत दोन्ही नसलेली. आपण एरवी फक्त पहिली चौकट पाहतो आणि तेवढ्यावर न्याय करतो. दुसरी चौकट भरू लागलात की अख्खी गल्ली तीत येईल! तिसरी चौकट ऑगस्ट-सप्टेंबरात भरा. तेव्हा आंबा संपलेला असतो, पण दमट हवेत गळवे होतच असतात. आंबा आणि गळू एकाच ऋतूत येतात, कारण दोघांनाही उन्हाळा लागतो. त्यावरून एकाने दुसऱ्याला आणले असे ठरत नाही.

तरी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक कण खरा आहे, आणि तो वऱ्हाडातल्या माणसाला चटकन पटेल. बिब्बा अंगाला लागला की कातडी कशी फोडाफोडांनी भरते, हे तुम्ही ऐकले वा पाहिले असेल. बिब्बा आणि आंबा ही दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच कुलातील, आणि काजूही त्यांचाच भाऊबंद. आंब्याच्या देठाशी निघणाऱ्या चिकात बिब्ब्यासारखीच दाहक द्रव्ये असतात, जरी ती सौम्य असली तरी. आंबा न धुता, देठ न काढता तोंडाला लावून चोखला की ओठांच्या कडेला चट्टे आणि पुरळ उठते. हा चिकाचा दाह, तोही ओठाजवळचा. मांडीवरच्या गळवाशी त्याचा संबंध नाही. आंबा पाण्यात भिजवून, चीक काढून खाण्याची आपली जुनी रीत मात्र शहाणपणाची आहे.

'रक्त बिघडले' हा दुसरा निकाल. रक्तात खरोखर जंतू वाढू लागले, तर माणूस थंडी-तापाने फणफणून रुग्णालयात पडतो. त्याचा जीव धोक्यात येतो. गळू झालेला मुलगा दुखऱ्या मांडीने का होईना, शाळेत येतो. त्याचे रक्त प्रयोगशाळेत तपासले, तर त्यात बहुधा एकही जंतू वाढत नाही. जंतू असतात ते त्या एका पिशवीत कोंडलेले. म्हणून 'रक्त साफ करणारी' बाटली पिऊन गळवांची रांग थांबत नाही.

मग हा जंतू कोणता आणि तो कोणी शोधला? १८८० पर्यंत युरोपातील पुष्कळ शल्यवैद्य असे मानत की पू होणे हा जखम भरून येण्याचाच एक भाग आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांना ते पटेना. ब्रिटिश वैद्यक संघटनेकडून मिळालेल्या ५० पौंडांच्या मदतीवर त्यांनी घरामागे छोटी प्रयोगशाळा मांडली आणि रोग्यांच्या गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना गोल गोल कण दिसले, काही साखळीसारखे जोडलेले, तर काही घडासारखे लगडलेले. जंतू वाढवण्यासाठी त्यांनी कोंबडीची ताजी अंडी वापरली! घडासारख्या जंतूंना त्यांनी पुढे नाव दिले स्टॅफिलोकॉकस. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. मराठीत त्यांना पुंजगोलाणू म्हणतात. एका पुंजगोलाणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनाही गळवातील पुवात असेच जंतू दिसले होते. १८८४ मध्ये जर्मनीत रोझेनबाख यांनी त्यांतील सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, असे म्हटले. आपला आरोपी तो हाच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

पण पुवात जंतू सापडले म्हणजे जंतूंनीच पू केला, असे कशावरून? पू झाल्यावर ते तेथे आले नसतील कशावरून? ही शंका घेणे योग्यच होते. कार्ल गारे या स्विस शल्यवैद्याने तिचे उत्तर स्वतःच्या अंगावर दिले. १८८५ च्या सुमारास त्याने प्रयोगशाळेत वाढवलेले शुद्ध जंतू आपल्या हाताच्या धडधाकट कातडीवर चोळले. काही दिवसांत तेथे गळवे उठली. आंबा नाही, बिघडलेले रक्त नाही, नुसते जंतू आणि चोळणे. (हा प्रयोग तुम्ही करायचा नाही, हे सांगायला नकोच.) या प्रयोगातला 'चोळणे' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता मुख्य प्रश्न. एक गळू फुटले, पू गेला, जखम भरली. जंतू संपले असे आपण समजतो. मग महिन्याने दुसरे गळू कोठून येते?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे. जंतू तुमच्या नाकात असतो. साधारणतः दर दहा माणसांपैकी दोघा-तिघांच्या नाकपुडीच्या पुढच्या भागात स्टॅफिलोकॉकस ऑरियस कायमचा मुक्काम करून असतो, आणि इतर अनेकांच्या नाकात येऊन-जाऊन राहतो. काख, जांघ आणि घसा याही त्याच्या आवडत्या जागा. तेथे तो काही त्रास देत नाही, म्हणून त्याची दादही लागत नाही. पण बोट नाकाला जाते, तेच बोट मांडीवरची घामोळी खाजवते, आणि जंतू घरातून शेतावर जावा तसा नाकातून मांडीवर पोचतो. २००१ साली जर्मन संशोधकांनी रक्तात हा जंतू शिरलेल्या रोग्यांचे नाक तपासले. दहापैकी सुमारे आठ जणांच्या रक्तातला जंतू आणि नाकातला जंतू हे हुबेहूब एकाच वाणाचे निघाले. म्हणजे शत्रू बाहेरून आला नव्हता, तो घरचाच होता.

आणि 'घरचा' हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी घ्यायचा. एका टॉवेलाने चौघे अंग पुसतात, एका वस्तऱ्याने दोघे दाढी करतात, एका उशीवर तिघे आळीपाळीने डोके टेकतात. तुमचे गळू बरे होईपर्यंत जंतू धाकट्या भावाकडे गेलेला असतो. त्याचे बरे होईपर्यंत तो टॉवेलावरून तुमच्याकडे परततो. हे चक्र किती खरे आहे, याची परीक्षा अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. अशा दुखण्याची मुले दोन गटांत विभागली. दोन्ही गटांत पाच दिवस नाकात जंतुनाशक मलम आणि जंतुनाशक औषधाने अंघोळ असा उपाय केला. फरक एवढाच, की पहिल्या गटात हा उपाय फक्त आजारी मुलावर झाला, दुसऱ्यात घरातील सर्वांवर. वर्षभरात पहिल्या गटातील ७२ टक्के मुलांना पुन्हा असे दुखणे झाले, दुसऱ्या गटातील ५२ टक्के मुलांना. फरक मोठा आहे. पण ५२ हा आकडाही लहान नाही. सारे घर एकदम धुऊन काढले, तरी निम्म्यांकडे जंतू परत आला. तो चिवट आहे, आणि एका बाटलीत किंवा एका मलमात त्याचा कायमचा बंदोबस्त मिळतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

घराबाहेर हेच चक्र खेळाच्या मैदानावर चालते. अमरावतीला व्यायामशाळांची मोठी परंपरा आहे. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. तेव्हा आखाडा, कबड्डी, मल्लखांब हे बडनेऱ्याच्या मुलांना परके नाहीत. अंगाला अंग घासते, कातडी खरचटते, तेच पंचे आणि तीच लंगोट दुसरा घेतो. गारेने केलेले 'चोळणे' येथे आपोआप होते. २००३ च्या हंगामात सेंट लुईस शहराच्याच एका व्यावसायिक फुटबॉल संघात (तो अमेरिकी फुटबॉल, हाताने खेळायचा) ५८ खेळाडूंपैकी पाच जणांना मिळून आठ वेळा पूयुक्त दुखणी झाली, आणि सर्व ठिकाणी कृत्रिम गवतावर खरचटलेली जागाच पिकली होती. चौकशीत खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत असल्याचे आढळले. धष्टपुष्ट, दररोज अंघोळ करणारी, उत्तम खाणारी ही माणसे. म्हणून ज्याला गळू झाले तो अस्वच्छ, असे वर्गात कोणी म्हणू लागले तर शिक्षकांनी त्याला तेथेच थांबवावे. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही. त्याला फाटलेली कातडी लागते. घामोळ्या, खरूज, इसब, डास चावलेली जागा, घट्ट कपड्याचा काच, दाढीचे पाते, यांपैकी काहीही त्याला पुरते. खरूज असलेल्या मुलाची गळवे खरूज बरी केल्याशिवाय थांबत नाहीत, ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

गळू पिकते म्हणजे काय, हेही पाहू. जंतू शिरल्याची वर्दी मिळताच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. म्हणून जागा लाल, गरम आणि टणक होते. पेशी जंतूंना गिळतात, जंतू विष सोडून पेशींना मारतात. हा जंतू रक्तद्रव गोठवणारे एक द्रव्य सोडतो आणि गोठलेल्या द्रवाचा कोट स्वतःभोवती उभारतो. प्रयोगशाळेत त्याला ओळखण्याची खूणही हीच. कोटाच्या आत मेलेल्या पेशी, जिवंत-मेलेले जंतू आणि विरघळलेली कातडी यांचा रांधा होतो. तोच पू. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगून, शस्त्र केव्हा चालवायचे याचा विचार केलेला आहे. कच्चे गळू कापू नये आणि पिकलेले तसेच ठेवू नये, हा विचार आजही शल्यवैद्य पाळतात. पिकलेल्या मोठ्या गळवात गोळीचे औषध कोटापलीकडे नीट पोचत नाही. तेथे चीर देऊन पू काढणे हाच खरा उपाय.

जवसाच्या गरम पोटिसाने बरे वाटते ते याचमुळे. ऊब आणि ओल यांनी त्या जागी रक्त जास्त येते, गळू लवकर पिकते व आपले आपण फुटते. गुण उबेचा आहे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवले तरी तेच काम होते. दाबून, पिळून, सुई टोचून गळू फोडणे मात्र वाईट. दाबल्याने कोट आतल्या बाजूने फुटतो आणि जंतू खोल जातात. नाक आणि वरचा ओठ या भागातील गळवाला तर हातच लावू नये. तेथील शिरांचा कवटीच्या आतील शिरांशी संबंध आहे, आणि तेथून जंतू मेंदूजवळ पोचल्याने माणसे दगावलेली आहेत.

औषधांविषयी थोडे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिनचा शोध लागला, त्या बशीत हाच आपला जंतू वाढवलेला होता. महाराष्ट्रात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्याकडे तयार होऊ लागले. पण तोवर जंतू गप्प बसला नव्हता. पेनिसिलिन फोडून टाकणारे द्रव्य तो बनवू लागला होता. त्यावर शास्त्रज्ञांनी मेथिसिलिन काढले, तर १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे वाण इंग्लंडमध्ये सापडले. आज असे वाण जगभर, भारतातही आहेत. दुकानातून दोन गोळ्या घेऊन, दुखणे थांबताच उरलेल्या टाकून देणारा माणूस या वाणांना निवडून पोसत असतो. लहान, एकटे, ताप नसलेले गळू बहुतेक वेळा गोळीशिवायच बरे होते.

आणखी एक गोष्ट घरातील मोठ्यांसाठी. चाळिशीपुढच्या माणसाला एकामागून एक गळवे किंवा काळपुळी झाली, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. साखर वाढली की पांढऱ्या पेशींची धाव मंदावते. आपल्या जुन्या वैद्यांनी हा संबंध ओळखला होता. 'प्रमेहपिडका', म्हणजे प्रमेहाच्या रोग्याला होणारे फोड, असे स्वतंत्र प्रकरणच त्यांनी मांडले आहे. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना पहिल्यांदा गळवामुळेच कळते. तसेच काखेत किंवा जांघेत त्याच त्याच जागी गाठी येऊन व्रण आणि बोगदे पडत असतील, तर ते साधे गळू नव्हे, हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा विकार असू शकतो. त्याला वेगळे उपचार लागतात, म्हणून तो लपवून ठेवू नये.

आता एक काम. तुमच्या घरात गळवांची ये-जा असेल, तर एक वही घाला. कोणाला, कोणत्या तारखेला, अंगावर कोठे गळू झाले, ते लिहा. त्याच्यापुढे तो कोणाचा टॉवेल वापरतो, कोणाशेजारी झोपतो, खरूज किंवा घामोळ्या होत्या काय, हेही लिहा. दोन-तीन महिन्यांत एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बाण काढता येऊ लागतील. त्याच काळात प्रत्येकाला वेगळा टॉवेल द्या. टॉवेल, चादरी आणि उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. वऱ्हाडात ऊन तरी फुकट आहे! नखे कापा, हात साबणाने धुवा, वाहते गळू कोरड्या पट्टीने झाका आणि काढलेली पट्टी पिशवीत बांधून टाका. पाणी दिवसाआड येत असेल, तर निदान हात आणि टॉवेल यांच्या वाट्याचे पाणी राखून ठेवा.

ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, गळू चेहऱ्यावर असेल किंवा सहा महिन्यांत तीनदा झाले असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि ती वही बरोबर न्या. पुवाचा नमुना तपासायला पाठवावा का, आणि घरातील इतरांच्या नाकाचीही तपासणी हवी का, हे त्यांना विचारा. बाण काढलेले पान त्यांना आधी दाखवा.